नागपूर अधिवेशन (१९२०), खिलाफतीचा प्रश्न आणि बदलता तुर्कस्तान : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रास्ताविक

नागपूर शहराच्या राजकीय इतिहासात डिसेंबर १९२० च्या अखेरच्या आठवड्यात भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाला महत्त्वाचे स्थान आहे. १८९१ नंतर राष्ट्रीय सभा नागपुरात दुसऱ्यांदा भरत होती. १९०७ चे अधिवेशनही येथेच व्हावयाचे होते. परंतु जहाल व मवाळ यांच्यातील कलहामुळे ते सुरतेस हलविण्यात आले आणि तेथे सभा दुभंगली. तेरा वर्षांनंतर आलेली ही संधी नागपूरकरांनी वाया जाऊ दिली नाही. स्वागताध्यक्ष जमनालाल बजाज आणि अध्यक्ष सी. विजयराघवाचारियर यांच्या नेतृत्वाखाली चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी एकत्र आले. त्यांत हजाराहून अधिक मुसलमान होते.

या अधिवेशनाविषयी पाठ्यपुस्तकांत साधारणतः तीन गोष्टी सांगितल्या जातात. असहकाराच्या कार्यक्रमाला अंतिम मान्यता मिळाली, राष्ट्रीय सभेची नवी घटना तयार झाली आणि बॅ. महंमदअली जिना सभेपासून दूर गेले. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र असहकाराच्या ठरावामागे असलेल्या तीन कारणांपैकी एक कारण दूरच्या तुर्कस्तानातील खलिफापदाशी निगडित होते, ही बाब एका वाक्यात उरकली जाते. त्या वेळी प्रत्यक्ष तुर्कस्तानात काय चालले होते, याचा विचार तर क्वचितच होतो. नागपुरात खिलाफतीच्या रक्षणाचा निर्धार व्यक्त होत असताना तुर्की समाज खिलाफतीच्या प्रश्नाकडे कोणत्या दृष्टीने पाहत होता आणि या दोन दृष्टींमधील अंतराचे नागपूरच्या सामाजिक जीवनावर कोणते परिणाम झाले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खिलाफतीच्या मागणीची पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने लढला व पराभूत झाला. युद्ध चालू असताना, ५ जानेवारी १९१८ रोजी, ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी तुर्कांची आशिया मायनर व थ्रेसमधील भूमी हिरावून घेण्याचा हेतू नसल्याचे जाहीर केले होते. हिंदुस्थानातील हजारो मुसलमान सैनिक ब्रिटिशांच्या बाजूने लढत असल्यामुळे या आश्वासनाला येथे विशेष अर्थ होता. पुढे १० ऑगस्ट १९२० रोजी झालेल्या सेव्हर्सच्या तहाने ते आश्वासन निरर्थक ठरविले. स्मर्नाचा प्रदेश व पूर्व थ्रेस ग्रीकांकडे जाणार होते आणि अरब प्रांत ब्रिटन व फ्रान्स यांच्या देखरेखीखाली येणार होते. तुर्की सुलतान हा सुन्नी मुसलमानांचा खलिफाही असल्याने हा केवळ पराभूत राष्ट्राचा प्रश्न नसून धर्माचा प्रश्न आहे, अशी भूमिका हिंदुस्थानातील खिलाफत समितीने घेतली.

महात्मा गांधींनी नोव्हेंबर १९१९ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय खिलाफत परिषदेचे अध्यक्षस्थान भूषविले. त्यांच्या दृष्टीने यात दोन गोष्टी गुंतल्या होत्या : सरकारने दिलेल्या शब्दाचा भंग आणि शेजारी समाजाच्या दुःखात सहभागी होण्याचे कर्तव्य. पंजाबातील अत्याचार, खिलाफतीचा प्रश्न आणि स्वराज्य या तीन सूत्रांवर असहकाराचा कार्यक्रम सप्टेंबर १९२० मधील कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनाने स्वीकारला आणि नागपूरने त्यावर शिक्कामोर्तब केले. कलकत्त्यास विरोध करणारे चित्तरंजन दास यांनीच नागपुरात ठराव मांडला व लाला लजपतराय यांनी त्यास पाठिंबा दिला. लोकमान्य टिळकांचे १ ऑगस्ट १९२० रोजी निधन झाले होते. मध्यप्रांत व वऱ्हाडातील टिळकपक्षीयांची मने या नव्या वळणाविषयी साशंक होती. डॉ. बा. शि. मुंजे यांनी अधिवेशनाच्या अध्यक्षपदासाठी अरविंद घोष यांना विनंती केली होती; ती अरविंदांनी नाकारली. या घडामोडींतही त्या अस्वस्थतेचे प्रतिबिंब दिसते.

त्याच आठवड्यात मुस्लिम लीगचेही अधिवेशन नागपुरात भरले. त्याचे अध्यक्ष डॉ. मुख्तार अहमद अन्सारी होते. बाल्कन युद्धाच्या काळात, १९१२-१३ मध्ये, जखमी तुर्की सैनिकांच्या शुश्रूषेसाठी हिंदुस्थानातून गेलेल्या वैद्यकीय पथकाचे नेतृत्व त्यांनीच केले होते. नागपुरात जमलेल्या नेत्यांत तुर्कस्तान डोळ्यांनी पाहिलेले लोक होते, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. खिलाफत चळवळ केवळ अज्ञानातून उभी राहिली, हे मत त्यामुळे स्वीकारता येत नाही.

इस्तंबूल आणि अंकारा : एका देशातील दोन सत्ता

डिसेंबर १९२० मध्ये तुर्कस्तानात दोन सत्ताकेंद्रे होती. इस्तंबूल दोस्त राष्ट्रांच्या फौजांच्या ताब्यात असून तेथे सुलतान-खलिफा सहावा मेहमद वहिदुद्दीन याचे नाममात्र राज्य होते. त्याच्याच सरकारच्या प्रतिनिधींनी सेव्हर्सच्या तहावर सह्या केल्या होत्या. दुसरीकडे मुस्तफा केमाल पाशा यांच्या नेतृत्वाखाली २३ एप्रिल १९२० रोजी अंकारा येथे राष्ट्रीय महासभा स्थापन झाली होती आणि तिने तो तह धुडकावला होता.

या दोन सत्तांचा संघर्ष धर्माच्या भाषेतही चालू होता. एप्रिल १९२० मध्ये इस्तंबूलच्या शेख-उल-इस्लामने राष्ट्रवाद्यांना बंडखोर ठरविणारा फतवा काढला. अंकाराच्या मुफ्तींनी त्याला प्रतिफतवा काढून उत्तर दिले व अनातोलियातील अनेक मुफ्तींनी त्यास संमती दिली. मे महिन्यात इस्तंबूलच्या लष्करी न्यायालयाने केमाल पाशांना त्यांच्या अनुपस्थितीत मृत्युदंड सुनावला. म्हणजेच ज्या खलिफाच्या प्रतिष्ठेसाठी नागपुरात ठराव होत होता, तोच खलिफा तुर्कस्तानच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांचा शत्रू बनला होता.

परंतु ही विसंगती त्या वेळी इतकी स्पष्ट दिसत नव्हती. अंकाराची महासभा शुक्रवारच्या नमाजानंतर सुरू झाली होती आणि शत्रूच्या कैदेत असलेल्या सुलतान-खलिफाची मुक्तता करणे हे तिने आपले उद्दिष्ट म्हणून घोषित केले होते. केमाल पाशांनी १९२० साली खिलाफतीविरुद्ध उघड शब्द काढला नव्हता. अनातोलियातील शेतकरी व मुल्लामौलवी यांना बरोबर घेण्यासाठी तसे करणे त्यांना परवडणारेही नव्हते. हिंदुस्थानातील नेत्यांनी अंकाराच्या लढ्यात खिलाफतीचे रक्षण पाहिले, ते अंकाराच्याच शब्दांवर विसंबून. म्हणून ‘गाझी’ केमाल पाशा येथे खिलाफतीचे तारणहार म्हणून लोकप्रिय झाले. येथे गोळा झालेल्या निधीतून मोठ्या रकमा अंकारास पोहोचल्या. त्यांपैकी शिल्लक राहिलेल्या पैशाचा काही भाग पुढे १९२४ साली स्थापन झालेल्या ‘इश’ बँकेच्या भांडवलात गेला. खिलाफतीच्या नावाने दिलेला पैसा खिलाफत बरखास्त करणाऱ्या प्रजासत्ताकाच्या बँकेस उपयोगी पडावा, यात त्या काळातील सारी गुंतागुंत सामावली आहे.

अरब प्रदेशांचा मुद्दा याहून अवघड होता. अरबस्तानातील पवित्र स्थळे खलिफाच्या आधिपत्याखाली राहावीत, ही येथील मागणी होती. परंतु मक्केचे शरीफ हुसेन यांनी जून १९१६ मध्येच तुर्कांविरुद्ध उठाव केला होता. १९२० साली इराकमध्ये ब्रिटिशांविरुद्ध मोठा उठाव झाला, पण त्यात तुर्की सत्ता परत यावी ही मुख्य प्रेरणा नव्हती. तुर्क, अरब आणि हिंदी मुसलमान हे तिघेही साम्राज्यशाहीविरुद्ध उभे होते. मात्र तिघांची स्वातंत्र्याची कल्पना निरनिराळी होती. ‘इस्लामी जग’ हा एकसंध घटक नव्हता, ही गोष्ट येथे ठळकपणे दिसते.

खिलाफतीचा अस्त

स्वातंत्र्ययुद्ध जिंकल्यावर अंकाराच्या महासभेने १ नोव्हेंबर १९२२ रोजी सुलतानपद रद्द केले. वहिदुद्दीन ब्रिटिश युद्धनौकेचा आश्रय घेऊन देश सोडून गेला आणि महासभेने अब्दुल मजीद यांस केवळ धार्मिक अधिकार असलेला खलिफा म्हणून निवडले. जुलै १९२३ मध्ये लोझानच्या तहाने सेव्हर्सचा अन्याय बहुतांशी दूर झाला. २९ ऑक्टोबर १९२३ रोजी प्रजासत्ताकाची घोषणा झाली.

यानंतर घडलेला प्रसंग हिंदुस्थानच्या दृष्टीने बोलका आहे. १९२३ च्या अखेरीस आगाखान आणि सय्यद अमीर अली यांनी खलिफाची प्रतिष्ठा राखावी, असे पत्र तुर्की पंतप्रधान इस्मत पाशांना लिहिले. ते त्यांच्या हाती पडण्यापूर्वीच इस्तंबूलच्या वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. ब्रिटिशांच्या मर्जीतील दोन परकीय गृहस्थ, तेही सुन्नी नसलेले, आमच्या राज्यव्यवस्थेत ढवळाढवळ करतात, असा त्याचा अर्थ अंकारात लावला गेला. खिलाफत वाचविण्यासाठी लिहिलेले पत्र तिच्या विरोधकांच्या हातातील साधन बनले. ३ मार्च १९२४ रोजी महासभेने खिलाफत बरखास्त केली. त्याच दिवशी शिक्षणाचे एकीकरण करणारा कायदा संमत झाला आणि शरियत व वक्फ खाते मोडीत काढण्यात आले. न्यायमंत्री सय्यद बे यांनी महासभेत प्रदीर्घ भाषण करून खिलाफत ही मूलतः राजकीय संस्था असल्याचे धर्मशास्त्राच्याच आधारे प्रतिपादन केले. निर्णय धर्मनिरपेक्ष होता, तरी त्याचे समर्थन धर्माच्या चौकटीत राहूनही करता येत होते, हे यातून दिसते. पुढे डॉ. महंमद इक्बाल यांनीही आपल्या व्याख्यानांत, खिलाफतीचे अधिकार निर्वाचित सभेकडे असू शकतात, या तुर्की मताचे समर्थन केले.

हिंदुस्थानातील खिलाफत समितीवर मात्र वज्राघात झाला. ज्यांच्यासाठी लढा द्यायचा त्यांनीच लढ्याचा विषय नाहीसा केला होता.

नागपूरवरील परिणाम

या घटनाक्रमाचा नागपूरशी असलेला संबंध तपासताना येथील मुस्लिम समाजाची स्थिती लक्षात घ्यावी लागते. मध्यप्रांत व वऱ्हाडात मुसलमानांचे प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे चार टक्के होते. १९१६ च्या लखनौ कराराने त्यांना या प्रांताच्या कायदेमंडळात पंधरा टक्के जागा देऊ केल्या होत्या. परंतु मोमिनपुरा वा कामठी येथील विणकराच्या जीवनात कायदेमंडळातील जागांना फारसे महत्त्व नव्हते. नागपुरी हातमागाचा व्यवसाय मोमीन आणि हिंदू कोष्टी या दोन्ही समाजांचा होता. सुताचा भाव, सावकाराचे कर्ज आणि गिरणीच्या कापडाची स्पर्धा हे प्रश्न दोघांनाही समान होते. ऐक्याचा पाया घालावयाचा तर तो येथे घालता आला असता. असहकाराच्या कार्यक्रमात चरखा होता, हे खरे. परंतु गिरणीच्या सुतावर अवलंबून असलेल्या विणकराची अडचण चरख्याने सुटत नव्हती.

सामान्य माणसाच्या मनात ‘खिलाफत’ या शब्दाचा अर्थही वेगळाच होता. अनेक लोक तो ‘खिलाफ’, म्हणजे विरुद्ध, या शब्दाशी जोडून सरकारविरोध असा त्याचा अर्थ घेत असत, हे पंडित नेहरूंनी आपल्या आत्मचरित्रात नोंदविले आहे. या गैरसमजाने चळवळीस बळ मिळाले, यात शंका नाही. परंतु एकाच शब्दाखाली एकत्र आलेल्या लोकांच्या आकांक्षा एक नव्हत्या, हेही त्यातून सूचित होते.

फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्याच्या घटनेनंतर असहकार स्थगित झाला. १९२१ च्या मलबारमधील मोपला उठावाच्या वार्तांनी हिंदू मनात तीव्र पडसाद उमटले होते; डॉ. मुंजे यांनी तेथे जाऊन पाहणी केली होती. १९२३ हे वर्ष नागपूरच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. मे ते ऑगस्ट या काळात झेंडा सत्याग्रहासाठी देशभरातून सत्याग्रही येथे येऊन तुरुंगात गेले. जमनालाल बजाज यांना अटक झाली आणि वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे हाती घेतली. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात याच शहरात मशिदीवरून वाजतगाजत जाणाऱ्या दिंडीचा वाद पेटला. राष्ट्रीय ध्वजाचा मार्ग आणि दिंडीचा मार्ग हे दोन्ही प्रश्न रस्त्यावरच्या हक्काचेच होते. परंतु पहिल्यात प्रतिपक्ष सरकार होते, तर दुसऱ्यात शेजारी. १९२० साली राष्ट्रीय सभेच्या स्वयंसेवकांत अग्रभागी असलेले आणि १९२१ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली कारावास भोगलेले डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी १९२५ च्या विजयादशमीस राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना केली. सप्टेंबर १९२७ मध्ये नागपुरात दंगल उसळली.

खिलाफत चळवळ हेच या साऱ्याचे एकमेव कारण होते, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. विभक्त मतदारसंघ, माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतरच्या निवडणुका, शुद्धी व तबलीग या परस्परस्पर्धी चळवळी आणि असहकाराच्या स्थगितीमुळे आलेले नैराश्य ही कारणेही तितकीच महत्त्वाची होत. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. १९२० चे ऐक्य ज्या प्रश्नावर उभे होते, त्याचा निर्णय नागपूरच्या हाती नव्हता; तो अंकारात होणार होता. जे प्रश्न नागपूरच्या हाती होते, म्हणजे मिरवणुकीचा मार्ग, वाद्यांची वेळ, मोहल्ल्यातील तंटा सोडविण्याची व्यवस्था, त्यांवर दोन्ही समाजांच्या पुढाऱ्यांनी ऐक्याच्या भरभराटीच्या काळात टिकाऊ करार केला नाही. दूरचा प्रश्न संपला, तेव्हा जवळचे प्रश्न तसेच उभे होते.

धर्मजीवनाचे दुसरे रूप

तुर्कस्तान आणि नागपूर यांची तुलना केवळ राजकारणापुरती मर्यादित ठेवल्यास चित्र अपुरे राहील. १७ ऑगस्ट १९२५ रोजी नागपुरात ताजुद्दीन बाबांचे निधन झाले. कामठीस जन्मलेल्या या अवलियाला राजे रघुजीराव भोसले यांनी शक्करदऱ्यास आश्रय दिला होता. ताजबागेतील त्यांचा दर्गा आजही हिंदू-मुसलमानांचे समान श्रद्धास्थान आहे. त्याच वर्षी ३० नोव्हेंबर रोजी तुर्की महासभेने देशातील दर्गे व सूफी मठ कायद्याने बंद केले. एकाच वर्षात तिकडे दर्गे बंद होत होते आणि इकडे एक नवा दर्गा उभा राहत होता. ताजबागेत येणाऱ्या भाविकाला खलिफाची आवश्यकता नव्हती आणि राष्ट्रीय सभेच्या ठरावाचीही नव्हती. १९२३ व १९२७ च्या तणावाच्या वर्षांतही या शहरात सहजीवनाचा असा एक प्रवाह अस्तित्वात होता. तो दंगली रोखू शकला नाही. पण दंगलींच्या नोंदींवरून संपूर्ण समाजाचे चित्र रेखाटणाऱ्या अभ्यासकाने त्याची दखल घेतली पाहिजे.

तुर्की सुधारणांचा महाराष्ट्रातील उत्तरार्ध

तुर्कस्तानाने १९२६ साली नवा दिवाणी कायदा लागू करून बहुपत्नीत्व रद्द केले आणि १९३४ साली स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताधिकार दिला. हिंदुस्थानात याच सुमारास उलट दिशेने पाऊल पडले. १९३७ च्या शरियत कायद्याने रूढींच्या जागी मुस्लिम व्यक्तिगत कायद्याला अधिष्ठान दिले. यात केवळ प्रतिगामिता होती असे नाही. अनेक ठिकाणी रूढीने नाकारलेला स्त्रियांचा वारसाहक्क शरियतने मान्य केला होता. १९३९ च्या कायद्याने मुस्लिम स्त्रीस न्यायालयामार्फत विवाहविच्छेदाचा हक्कही मिळाला. परंतु बहुसंख्याक मुस्लिम देशात कायदा बदलणे हा त्या समाजाचा स्वतःशी चाललेला संवाद असतो, तर अल्पसंख्याक समाजात तोच प्रश्न अस्मितेचा बनतो. या फरकामुळे तुर्की सुधारणा येथे जशाच्या तशा येऊ शकल्या नाहीत.

महाराष्ट्रात हमीद दलवाई (१९३२-१९७७) यांनी ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न केला. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. नावात महात्मा फुले यांचा वारसा होता, याला महत्त्व आहे. समाजसुधारणेची प्रेरणा खलिफाकडून किंवा केमाल पाशांकडून उसनी न घेता महाराष्ट्राच्या परंपरेतून घेण्याचा तो प्रयत्न होता. तोंडी तलाकविरुद्ध त्यांनी उठविलेला आवाज १९८५ च्या शाहबानो निकालानंतरच्या वादात आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयात वेगवेगळ्या संदर्भांत पुन्हा ऐकू आला. २०१९ च्या कायद्याने तत्काळ तिहेरी तलाक दंडनीय ठरविला. त्या शिक्षेच्या तरतुदीविषयी सुधारणावाद्यांतही मतभेद आहेत. कायदा कोणी करावा आणि समाजाच्या संमतीचे स्थान काय, हा १९२४ साली अंकारात उपस्थित झालेला प्रश्न आपल्याकडे अद्याप मिटलेला नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. एक, नागपूर अधिवेशनातील खिलाफतीची भूमिका अज्ञानातून किंवा केवळ अनुनयातून आलेली नव्हती. तिला वचनभंगाची आणि साम्राज्यविरोधाची ठोस बाजू होती. दोन, तुर्की, अरब आणि हिंदी मुसलमान यांच्या आकांक्षा भिन्न होत्या आणि एकाच शब्दाने त्यांचे वर्णन करण्याची चूक चळवळीच्या समर्थकांनी केली, तशीच ती नंतर तिच्या टीकाकारांनीही केली. तीन, दूरच्या प्रतीकावर आधारलेले ऐक्य ते प्रतीक नाहीसे होताच निराधार झाले, कारण स्थानिक जीवनाच्या प्रश्नांवर त्याची बांधणी झाली नव्हती.

अध्यापनाच्या दृष्टीने तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या वर्गांत खिलाफत चळवळ एक तर ऐक्याचे सुवर्णपर्व म्हणून शिकविली जाते किंवा फाळणीचे बीज म्हणून. दोन्ही मांडण्यांत मोमिनपुऱ्यातील विणकर आणि दिंडीच्या वाटेवरचा शेजारी अनुपस्थित असतात. नगरपालिकेचे कामकाज, न्यायालयीन दप्तर, तत्कालीन मराठी व उर्दू वृत्तपत्रे आणि वस्त्यांमधील मौखिक आठवणी यांच्या आधारे १९२० ते १९२७ या सात वर्षांतील नागपूरचा इतिहास वस्तीनिहाय लिहिला जाणे आवश्यक आहे. विदर्भातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांद्वारे हाती घेतल्यास या विषयाच्या अभ्यासात मोलाची भर पडेल.